बंद केलेल्या सर्व्हिसेस मूळ सेटिंगवर आणायच्या आहेत? फॉरमॅट मारण्याआधी कॉम्प्युटरची नोंदवही वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे : तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान. विंडोज १० असलेला कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून पुतण्याने एक व्हिडिओ बघून तीसेक 'नको असलेल्या' सर्व्हिसेस (विंडोजचे पडद्यामागे काम करणारे छोटे प्रोग्रॅम) बंद केल्या, शेवटी त्याच व्हिडिओखालची एक बॅच फाइलही (ओळीने कमांड चालवणारी फाइल) चालवली. आता प्रिंट निघत नाही, वायफायच्या यादीत एकही नाव दिसत नाही, आवाज गेला आणि विंडोज अपडेट एरर देतं. कोणत्या सर्व्हिसेस बंद केल्या ते त्याला आठवत नाही. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. सगळ्या सर्व्हिसेस एका झटक्यात मूळ सेटिंगवर नेणारं बटण आहे का?

ताई, फॉरमॅट मारू नका. असं बटण विंडोजमध्ये नाही, पण तुमचं काम त्याच्याशिवाय होईल, आणि बहुतेक एका दुपारीत होईल.

आधी झालंय काय ते समजून घ्या, म्हणजे भीती जाईल. सर्व्हिस डिसेबल करणं म्हणजे काही पुसून टाकणं नव्हे. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, प्रत्येक सर्व्हिसच्या नावाचा एक कप्पा असतो आणि त्यात 'स्टार्ट' नावाची एक नोंद असते. तिथे २ असेल तर ऑटोमॅटिक, ३ असेल तर मॅन्युअल, ४ असेल तर डिसेबल्ड. पुतण्याने तीस ठिकाणी २ किंवा ३ काढून ४ केला, एवढंच घडलंय. सर्व्हिसची फाइल, तिचे ड्रायव्हर, तुमचे प्रिंटर, तुमचे फॉर्म सगळं जागच्या जागी आहे. आता ४ चा पुन्हा २ किंवा ३ करायचा. अडचण फक्त ही की कुठे २ होता आणि कुठे ३.

इथेच बहुतेक जण घाई करतात आणि दुसरी चूक पहिलीवर चढते. सगळ्यात सामान्य चूक म्हणजे यादीतल्या सगळ्या सर्व्हिसेस ऑटोमॅटिक करून टाकणं. असं करू नका. विंडोजच्या कितीतरी सर्व्हिसेस मुळातच मॅन्युअल असतात. काम पडलं की विंडोज स्वतः त्यांना उठवतं. रिमोट रजिस्ट्री, राउटिंग अँड रिमोट ॲक्सेस अशा काही तर मायक्रोसॉफ्टनेच डिसेबल्ड ठेवलेल्या असतात आणि दुकानातल्या मशीनवर त्या तशाच राहायला हव्यात. 'डिसेबल्ड' दिसलं की ते पुतण्याने केलं असं धरून चालू नका.

एसएफसी स्कॅननाऊ आणि डिझम या कमांड कुणीतरी सांगेलच. त्या चांगल्या आहेत, चालवल्याने नुकसान नाही, पण त्या खराब झालेल्या सिस्टिम फाइल दुरुस्त करतात. डिसेबल केलेली सर्व्हिस त्यांच्या दृष्टीने खराब नसते. म्हणून अर्धा तास थांबून 'काही दोष आढळला नाही' असा निरोप येतो आणि प्रिंटर तसाच मुका राहतो.

तिसरी चूक सगळ्यात घातक आहे आणि ती मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. विंडोज एक्सपीच्या काळात एका क्लासमधल्या मशीनची अशीच अवस्था झाली होती. शेजारचं मशीन व्यवस्थित होतं. मी त्याच्या रजिस्ट्रीतला सर्व्हिसेसचा आख्खा कप्पा एक्स्पोर्ट केला आणि बिघडलेल्या मशीनवर इम्पोर्ट केला. रीस्टार्ट केलं आणि निळा पडदा आला, स्टॉप ७बी. म्हणजे विंडोजला आपलीच हार्ड डिस्क सापडेना. कारण त्या कप्प्यात नुसत्या सर्व्हिसेस नसतात, हार्डवेअरचे ड्रायव्हरही तिथेच नोंदलेले असतात. डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उठवायचा की नाही, हे त्याच 'स्टार्ट' नोंदीवर ठरतं. तिथे ० असेल तर तो बूट होतानाच चढतो. दोन मशीनचे कंट्रोलर वेगळे, त्यामुळे माझ्या इम्पोर्टने चालू ड्रायव्हर झोपवला आणि भलताच उठवला. मुलांची दोन दिवसांची प्रॅक्टिकल बुडाली. इंटरनेटवर 'डिफॉल्ट सर्व्हिसेस' नावाच्या रेडीमेड फाइल मिळतात, त्या मी याच कारणाने वापरत नाही. त्या कुठल्या विंडोजच्या, कुठल्या मशीनच्या, त्यात काय काय आहे हे कळायला मार्ग नसतो.

मग खरी माहिती कुठून आणायची? तुमच्याच कॉम्प्युटरमधून. त्याने सगळं लिहून ठेवलेलं आहे.

विंडोजमध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर नावाचा एक भाग असतो. कोणती सर्व्हिस कधी उठवायची हे तो पाहतो, आणि कुणी सर्व्हिसचा स्टार्टअप टाइप बदलला की त्याची नोंद करतो. त्या नोंदीचा क्रमांक ७०४०. ती अशी वाचायची : विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, आलेल्या यादीतून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याखाली सिस्टिम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग. जिथे 'ऑल इव्हेंट आयडीज' असं लिहिलेलं दिसेल तिथे ७०४० टाका आणि ओके. आता समोर येणाऱ्या प्रत्येक ओळीत एकेक वाक्य दिसेल, त्याचा अर्थ असा : प्रिंट स्पूलर (प्रिंटची कामं रांगेत लावणारी) सर्व्हिसचा स्टार्ट टाइप 'ऑटो स्टार्ट'वरून 'डिसेबल्ड' केला. तारीख, वेळ आणि कोणत्या युजरने केला हेही असतं.

पुतण्या बसला होता ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. त्या वेळेच्या नोंदी शोधा. एकामागून एक, पंधरावीस मिनिटांत झालेल्या अशा नोंदींची रांगच दिसेल. वही घ्या आणि प्रत्येक सर्व्हिसचं नाव व आधीची अवस्था लिहून काढा. 'ऑटो स्टार्ट' म्हणजे ऑटोमॅटिक, 'डिमांड स्टार्ट' म्हणजे मॅन्युअल. हीच तुमची मूळ सेटिंगची यादी. व्हिडिओवाल्याच्या यादीपेक्षा ती हजारपट भरवशाची, कारण ती तुमच्याच मशीनची आहे. हे काम इंटरनेटशिवाय होतं, त्यामुळे वायफाय गेलंय म्हणून अडायचं कारण नाही.

वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस, म्हणजे बिट्स, हिच्या नोंदी शेकड्यांनी दिसतील. कधी डिमांडवरून ऑटो, कधी ऑटोवरून डिमांड. ते कुणी माणसाने केलेलं नाही. डाउनलोडचं काम शिल्लक असलं की ती स्वतःला ऑटो करते, संपलं की पुन्हा डिमांडवर जाते. त्या ओळी सोडून द्या, फक्त तिच्यापुढे 'डिसेबल्ड' आलंय का तेवढं बघा. दुसरं, या लॉगची जागा ठरलेली असते, साधारण २० एमबी. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणून हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. क्लिअर लॉग या बटणाला तर हातही लावू नका.

यादी हातात आली की बदलायला बसा. त्याआधी दहा मिनिटं बॅकअपला द्या. सिस्टिम प्रोटेक्शन चालू असेल तर एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागे परतता येईल अशी विंडोजच्या अवस्थेची नोंद, तयार करा. तिथेच पुतण्याने हात लावण्याच्या आदल्या दिवसाचा पॉइंट सापडला तर तुमचं नशीब. त्यावर मागे गेलात तर रजिस्ट्रीसकट सगळं परत येतं आणि पुढचं काही वाचायचीही गरज नाही. बहुतेक मशीनवर मात्र हे प्रोटेक्शन बंद असतं, म्हणून त्यावर विसंबून राहू नका.

विंडोज आणि आर दाबून सर्व्हिसेस डॉट एमएससी उघडा. एकेक सर्व्हिसवर डबल क्लिक, स्टार्टअप टाइप वहीतल्याप्रमाणे निवडा, अप्लाय, मग ऑटोमॅटिक असलेल्यांना तिथेच स्टार्ट. काही सर्व्हिसेसपुढे पूर्वी 'मॅन्युअल, ट्रिगर स्टार्ट' असं लिहिलेलं असायचं आणि निवडायच्या यादीत तर 'ट्रिगर'चा पर्यायच नसतो, म्हणून लोक गोंधळतात. नुसतं मॅन्युअल निवडा. कोणती घटना घडली की सर्व्हिस उठवायची ही माहिती वेगळ्या कप्प्यात असते आणि डिसेबल केल्याने ती पुसली जात नाही. मॅन्युअल केलंत की 'ट्रिगर स्टार्ट' आपोआप पुन्हा दिसेल.

लॉगमध्ये एक गोष्ट कळत नाही. लगेच सुरू होणारी आणि बूटनंतर थोड्या वेळाने सुरू होणारी, या दोन्हींना तो 'ऑटो स्टार्ट'च म्हणतो. उशिरा सुरू होणाऱ्यांमध्ये तुमच्या कामाची मुख्य म्हणजे विंडोज सर्च. तिला ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट द्या. बाकी कुठे चुकून नुसतं ऑटोमॅटिक राहिलं तरी काम अडत नाही, बूट थोडं जड होईल इतकंच.

आता क्रम. सर्व्हिसेस एकमेकींवर अवलंबून असतात. खालची उठली नाही तर वरची उठत नाही आणि एरर १०६८ येतो. कोणती कोणावर टेकली आहे हे त्या सर्व्हिसच्या खिडकीत डिपेन्डन्सीज या टॅबवर दिसतं. तुमच्या चार तक्रारींपुरतं मी सांगतो.

वायफायसाठी डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग ही ऑटोमॅटिक हवी, पण ती विंडोज कनेक्शन मॅनेजरवर टेकलेली आहे, तोही ऑटोमॅटिक हवा. त्याखाली नेटवर्क स्टोअर इंटरफेस सर्व्हिस, तीही ऑटोमॅटिक. खालून वर या. नेटवर्क जोडलं गेलं पण पेज उघडत नाही असं झालं, तर डीएचसीपी क्लायंट आणि डीएनएस क्लायंट बघा, दोन्ही ऑटोमॅटिक. आवाजासाठी आधी विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर, मग विंडोज ऑडिओ, दोन्ही ऑटोमॅटिक. अपडेटसाठी विंडोज अपडेट ही मुळात मॅन्युअल असते, तिला ऑटोमॅटिक करायची गरज नाही. क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस मात्र ऑटोमॅटिक हवी आणि विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर मॅन्युअल. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, पण मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घ्यायची असेल तरीही या सर्व्हिसेस सुरळीत चालायला लागतील. तुमच्या दुकानात लोकांचे आधार, बँक पासबुक स्कॅन होतात. अपडेट बंद ठेवून असं मशीन चालवणं मला अजिबात पटत नाही.

आता प्रिंट, कारण दुकान त्यावर चालतं. प्रिंट स्पूलर ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट. चालू झाली तर छान. नाही झाली आणि १०६८ आला, तर दोन जागा बघायच्या. ती रिमोट प्रोसीजर कॉलवर टेकलेली असते. ती सर्व्हिस सहसा कुणाला बंद करताच येत नाही, त्यामुळे तिथे दोष नसतो. दुसरा आधार म्हणजे एचटीटीपी नावाचा एक ड्रायव्हर. तो सर्व्हिसेसच्या यादीत दिसतच नाही, म्हणून माणसं दोन दोन दिवस डोकं धरून बसतात. त्या बॅच फाइलमध्ये हाच बंद केलेला असू शकतो. तो परत मॅन्युअलवर आणायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करा. फोनवर सांगतो तसं सांगतो : एससी डॉट ईएक्सई, जागा, कॉन्फिग, जागा, एचटीटीपी, जागा, स्टार्ट आणि त्याला चिकटून बरोबरचं चिन्ह, मग एक जागा सोडून डिमांड. बरोबरच्या चिन्हानंतरची ती जागा विसरू नका. पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत काम करत असाल तर 'डॉट ईएक्सई' लिहायलाच हवं. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये नुसत्या 'एससी'चा अर्थ फाइलमध्ये मजकूर लिहिणे असा होतो, त्यामुळे सर्व्हिस बदलत नाही आणि ध्यानातही येत नाही.

स्पूलर चालू झाली तरी जुने अडकलेले प्रिंट तिला पुन्हा पाडू शकतात. ती थांबवा, विंडोजच्या सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरमध्ये प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या फाइल काढा, फोल्डर मात्र राहू द्या, आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करा. सातबारे, दाखले जे अडकले असतील ते पुन्हा द्यावे लागतील.

जाता जाता एक सांगतो. स्पूलर बंद करा असा सल्ला व्हिडिओवाल्यांनी हवेतून आणलेला नाही. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर नावाची मोठी सुरक्षा त्रुटी उघड झाली, तेव्हा दुरुस्ती येईपर्यंत स्पूलर बंद ठेवण्याचा उपाय खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितला होता. दुरुस्तीचे अपडेट त्याच महिन्यात आले. सल्ल्याची मुदत संपली, पण तो फिरत राहिला. अपडेट केलेल्या आणि रोज प्रिंट काढणाऱ्या मशीनवर स्पूलर चालूच हवी.

आता बॅच फाइलचा भाग. ७०४० ची नोंद तेव्हाच होते, जेव्हा बदल सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरमार्फत जातो. बॅच फाइलने थेट रजिस्ट्रीत ४ लिहिला असेल तर लॉग गप्प राहतो. म्हणून ती फाइल पुतण्याकडून मागून घ्या. डाउनलोड्समध्ये असेलच. डबल क्लिक नको. राइट क्लिक करून एडिट म्हणा, ती नोटपॅडमध्ये उघडेल. कोणकोणत्या सर्व्हिसेसची नावं आहेत ते स्पष्ट दिसेल. नावं आखूड रूपात असतील, जसं विंडोज सर्चचं डब्ल्यूसर्च. सर्व्हिसच्या खिडकीत सर्वात वर 'सर्व्हिस नेम' म्हणून तेच आखूड नाव असतं, त्यावरून जुळवा. पोराला त्यासाठी रागावू नका. त्याने मशीन वेगात चालावं म्हणून केलं, आणि ती फाइल त्याने जपून ठेवली असेल तर तुमचं निम्मं काम तोच करून देतोय.

फाइल सापडली नाही तर तुलना करायची. कुणाकडे तीच विंडोज १०, तीच आवृत्ती असलेलं आणि कुणी छेडछाड न केलेलं मशीन असेल, तर तिथे सर्व्हिसेसच्या खिडकीत ॲक्शन मेनूतून एक्स्पोर्ट लिस्ट करा. साधी टेक्स्ट फाइल मिळते, त्यात स्टार्टअप टाइपही असतो. तुमच्याकडचीही तशीच काढा आणि एक्सेलमध्ये शेजारी शेजारी लावा. तुमच्याकडे 'डिसेबल्ड' आणि तिकडे दुसरं काही, अशाच ओळी कामाच्या. नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि पुढे विचित्र आकडे-अक्षरं असलेल्या सर्व्हिसेस जुळणार नाहीत. त्या प्रत्येक युजरच्या लॉगिनला नव्याने तयार होतात, ते शेपूट दर वेळी बदलतं. फक्त वाचून हाताने बदलायचं. इम्पोर्ट नको, वर सांगितलेलं ७बी आठवा.

काही सर्व्हिसेसचा स्टार्टअप टाइप खिडकीत पुसट दिसेल आणि बदलता येणार नाही. डीएनएस क्लायंट, टास्क शेड्युलर, डिफेंडर फायरवॉल या अशाच. विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस तर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणेल. या फक्त रजिस्ट्रीतूनच बिघडलेल्या असू शकतात आणि तिथूनच सुधारतात. रेजेडिट उघडा, एचकेईवाय लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस असं आत जा, त्या सर्व्हिसचा कप्पा निवडून आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि मगच 'स्टार्ट' बदला. पहिल्या तिघींना २, मेडिकला ३. बाकी कुठल्याच नोंदीला हात लावू नका. ज्या कप्प्याचं नाव ओळखीचं नाही, तो उघडूच नका.

सगळं झाल्यावर शट डाउन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच म्हणा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. रीस्टार्टने मात्र सगळ्या सर्व्हिसेस खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतात. त्यानंतर तीनचार मिनिटं थांबा. उशिरा सुरू होणाऱ्यांना वेळ द्या. मग तपासा.

तेव्हाही एरर आले तर आकडा बघा, आकडा खोटं बोलत नाही. १०५८ म्हणजे ती सर्व्हिस अजून डिसेबल्डच आहे, तुमचा अप्लाय राहिला. १०६८ म्हणजे तिच्याखालची कुणीतरी बंद आहे. १०७९ आला तर पुतण्याने किंवा त्या फाइलने सर्व्हिसचं खातंही बदललंय. लॉग ऑन टॅबवर जाऊन ते मूळ खातं परत द्यावं लागेल. स्पूलरला लोकल सिस्टिम अकाउंट लागतं. ज्या सर्व्हिसला लोकल सर्व्हिस खातं लागतं, तिथे ते नाव देऊन पासवर्डचे दोन्ही रकाने पूर्ण रिकामे करायचे, त्या खात्याला पासवर्ड नसतोच.

इतकं करूनही पाचसहा गोष्टी अडल्या तरी फॉरमॅटच्या आधी एक पायरी शिल्लक आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १० ची आयएसओ फाइल (पूर्ण विंडोज बसवण्याची फाइल) उतरवा, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडा. विंडोज स्वतःवरच नव्याने बसतं, बहुतेक सर्व्हिसेस मूळ सेटिंगवर येतात. तुमचे फॉर्म, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, बायोमेट्रिकचा ड्रायव्हर राहतात. 'रीसेट धिस पीसी' वेगळं, त्यात फाइल ठेवल्या तरी सॉफ्टवेअर उडतात. दोन्हींत गल्लत करू नका, आणि पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतल्याशिवाय दोन्हींपैकी काही करू नका.

आणि मशीन मुळात हळू का होतं ते राहिलंच. मॅन्युअल सर्व्हिस हाक येईपर्यंत बंदच असते, ती डिसेबल करून वेग मिळत नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा. तिथे एचडीडी लिहिलं असेल आणि काही न करता टक्केवारी शंभरला टेकत असेल, तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क हेच कारण. दुरुस्तीवाल्याला फॉरमॅटऐवजी तीच डिस्क क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून, वेगवान एसएसडी डिस्क बसवायला सांगा. पण सर्व्हिसेस सुधारून, एक रिस्टोअर पॉइंट करून, चार दिवस दुकान नीट चाललं की मगच.